भिंतीचा आधार आणि हातातले ड्रिल

घरातील वृद्ध व्यक्ती पडली, की नातेवाईक सांगतात, "विशेष काही नाही डॉक्टर, न्हाणीघरात पाय घसरला." या 'विशेष काही नाही'चा शेवट पुष्कळदा खुब्याच्या अस्थिभंगात होतो. म्हणून केदारखेड्यात रुग्ण तपासताना मी औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक सल्ला आवर्जून देतो: कमोडजवळ आणि न्हाणीघराच्या दाराशी पकडदांडा बसवून घ्या. अलीकडे त्याला दुसरा सल्लाही जोडावा लागतो, तो बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलविषयीचा.

ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवरचे ड्रिल बाजारात आणले. आज ते खेड्यातील घरांतही दिसते. शहरात नोकरी करणारा मुलगा दिवाळीला येताना ते घेऊन येतो. तो परतल्यावर ते फळीवर राहते, आणि आयुष्यभर औत-वखर स्वतः दुरुस्त केलेल्या वडिलांचा हात तिकडे वळतो. आपले काम आपण करावे, ही वृत्ती आरोग्याला पोषकच आहे. त्यामुळे ड्रिल कोणी धरावे, हे वयावरून न ठरवता शरीराच्या आजच्या स्थितीवरून ठरवावे.

हे यंत्र हलके असते, पण त्याची ओढ हलकी नसते. फिरणारे बिट सळईत किंवा विटेत अचानक अडकले, की तो झटका थेट मनगटावर येतो. हाडे ठिसूळ असतील, हात थरथरत असेल किंवा मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर हे काम दुसऱ्याकडे द्यावे. चक्कर येत असेल त्यांनी तर स्टुलावर चढूच नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर लहान जखमही बराच वेळ वाहते. अशा वेळी स्वच्छ फडक्याने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मध्ये उघडून पाहू नये. पेसमेकर असेल, तर ड्रिल छातीला टेकवून जोर लावू नये. ते उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर दूर राहावे आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

या ड्रिलचा मोठा लाभ असा, की घराचा मेन स्विच बंद करूनही काम करता येते. भिंतीत गिझरची किंवा दिव्याची तार दडलेली असू शकते. म्हणून स्विच बंदच करावा आणि उजेडाला विजेरी घ्यावी. स्विचबोर्डाच्या व नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये. बिट बदलण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. पदर, उपरणे, गळ्यातील माळ, सैल बाही आवरून घ्यावी. सुती हातमोजे घालू नयेत, कारण फिरते बिट त्यांना गुंडाळून घेते. वाचनाचा चष्मा पुरेसा नाही. बाजूंनीही झाकणारा गॉगल हवा. तोंडाला मास्क असावा, आणि दमेकऱ्याने त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसावे. डोळ्यात धूळ गेली, तर न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावी. कण रुतला असेल, तर तो न काढता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

फरशी लावलेल्या भिंतीवर खुणेच्या जागी चिकटपट्टी लावावी, म्हणजे बिट घसरत नाही. फरशीसाठीचे बिट घेऊन, हॅमर बंद ठेवून, मंद गतीने सुरुवात करावी. फरशी पार झाल्यावर विटेसाठीचे बिट लावून हॅमर चालू करावा. दोन्ही हातांनी धरावे, बिट भिंतीशी काटकोनात ठेवावे. प्लॅस्टिकचा प्लग ८ मिलिमीटरचा असेल, तर बिटही ८ मिलिमीटरचेच हवे. प्लग आणि स्क्रू गिलाव्याच्या पलीकडे विटेत पोहोचले पाहिजेत. नुसत्या गिलाव्यातला दांडा माणसाचे वजन पेलत नाही. मातीच्या जुन्या भिंतीत तर प्लग धरतच नाही. तेथे हातांचा आधार असलेली कमोड-खुर्ची वापरावी.

माझ्या एका रुग्णाला, सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना, पत्नीसाठी दांडा स्वतःच बसवायचा होता. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आणि उजव्या हाताला कंप. "म्हणजे आता मी निकामी झालो का?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "आजोबा, आजी उठताना हात कुठे टेकवतात, ते तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे?" अखेर त्यांनी खुर्चीवर बसून खुणा करून दिल्या, विजेरी धरली, नातवाला दोनदा थांबवून बिट सरळ करायला लावले. भोके नातवाने पाडली. काम मात्र आजोबांचेच झाले.

काळजी घेणाऱ्यांना माझे हेच सांगणे आहे. वडीलधाऱ्यांच्या हातून ड्रिल घ्याल, तेव्हा कामातील त्यांचा वाटा काढून घेऊ नका. दांड्याची उंची पुस्तकातून न घेता, ज्याला तो लागणार त्याला बसवून, उठताना हात सहज जातो तेथे ठरवा. आणि बसवल्यावर घरातील धडधाकट माणसाने हळूहळू पूर्ण भार देऊन तो ओढून पाहावा. तसूभरही हलला, तर पुन्हा बसवावा. डगमगणारा दांडा नसण्यापेक्षा वाईट, कारण आपले माणूस त्याच्यावर विश्वास टाकते.