बॉनेट उघडा, पण पाइप लांब ठेवा!

गाडी बाहेरून आपण किती चकाचक ठेवतो ना? वीकेण्डला फोम वॉश, डॅशबोर्डला पॉलिश, आत मोगऱ्याचं परफ्युम... आणि बॉनेटच्या आत? तिथे पावसाळ्याचा वाळलेला चिखल, कुजकी पानं आणि तेलकट काळा थर. माझंही असंच होतं. त्या खंडेनवमीपर्यंत.

खंडेनवमीला आमच्याकडे बाबांच्या पान्या-पकडींची पूजा होते. बाबा सातपूरच्या मायकोतून रिटायर झालेले. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण नाशिककरांचं मायको सर्कल जसं तसंच राहिलं, तशी बाबांची कंपनीही मायकोच राहिली. म्हटलं, पान्यांची पूजा होते, तर इंजिनाला निदान अंघोळ तरी घालावी. बाबा देवळात गेलेले. पंचवटीतल्या आमच्या पार्किंगमध्ये त्यांची पेट्रोलवरची वॅगन-आर उभी होती. शेजारच्या काकांकडून प्रेशर वॉशर आणला, बॉनेट उघडलं आणि धडाधड फवारा मारला. पाच मिनिटांत इंजिन लख्ख! लगेच फोटो फॅमिली ग्रुपवर. आत्याचे तीन अंगठे.

दसऱ्याला सकाळी झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि आम्ही तिघं त्याच आत्याकडे, कल्याणला निघालो. उड्डाणपुलावर चढलो आणि गाडी ठसके द्यायला लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकू लागला. अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. मागून ट्रकचा हॉर्न... आणि पुलाच्या मधोमध इंजिन बंद!

बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "हझार्ड लाव. दोघी डाव्या दाराने उतरा, कठड्याला चिकटून लांब उभ्या राहा." आणि स्वतः लाल त्रिकोण घेऊन मागे चालत गेले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, हातात तो एवढासा त्रिकोण आणि समोरून भरधाव येणारे कंटेनर. टोइंगची गाडी येईपर्यंत आईने माझा हात सोडला नाही. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मेकॅनिकने स्पार्क प्लगच्या खळग्यांतून पाणी काढलं आणि विचारलं, "मॅडम, काल इंजिन धुतलं का?" घरी येईपर्यंत मी गप्प.

बाबांनी तेव्हाही लेक्चर दिलं नाही. रविवारी सकाळी मात्र हाक आली, "ये गं, आता नीट शिकवतो."

पहिला धडा पाण्याचा. पाऊस आणि रस्त्यावरचे शिंतोडे इंजिनला सोसतात. पण टायरमध्ये हवा असते जेमतेम दोन-सव्वादोन बार, आणि घरगुती प्रेशर वॉशर मारतो १०० बारच्या आसपास. एवढ्या जोरापुढे वायरींच्या जोडांवरचं रबर काय टिकणार! पाणी आत शिरतं आणि तिथेच बसतं. म्हणून पाइप नाहीच. ओलसर फडकं, बस्स.

दुसरा धडा, इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी रात्रभर उभी असलेली उत्तम. गरम इंजिनावर हात भाजतो आणि रेडिएटरचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. किल्ली खिशात. मग बॅटरी. "काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी," बाबा म्हणाले. (काही गाड्यांत घड्याळ, रेडिओ पुन्हा सेट करावा लागतो. आधी मॅन्युअल बघा.) ऑल्टरनेटर, फ्यूजबॉक्स, प्लगवरच्या कॉइल आणि हवेचं तोंड, सगळ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड.

आधी कोरडी सफाई. मऊ ब्रश आणि घरातला व्हॅक्युम क्लीनर. वायपरच्या खालच्या खोबणीतून मूठभर पानं निघाली, सोबत पोळीचा कडक तुकडा! म्हणजे उंदीरमामांचा मुक्काम. सगळ्या वायरी एकेक करून तपासल्या, नशिबाने कुरतडलेली एकही नव्हती. मग पाण्यात मिसळणारा डिग्रीझर, तोही फडक्यावर घेऊन. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. पट्ट्यावर डिग्रीझर चुकूनही नाही. रॉकेल-पेट्रोल तर अजिबात नाही. त्याची वाफ एका ठिणगीने पेटते आणि रबरही फुगतं. तुमची गाडी हायब्रिड असेल तर नारिंगी केबलना हात लावू नका, आणि सीएनजी किट सर्व्हिस सेंटरवाल्यांसाठीच ठेवा.

तेलकट पाणी गटारात सोडू दिलं नाही बाबांनी. "आपलं गटार वाघाडीला, वाघाडी गोदावरीला. मग सिंहस्थात त्यातच डुबकी मारणार का?"

आणि मग ते दिसलं. रेडिएटरच्या वरच्या पाइपच्या क्लिपजवळ, काळ्या थराखाली, पांढरट-हिरवी खपली. कुलंट झिरपून वाळलेला. पाइप तिथे चिरला होता. माझ्या फवाऱ्याने वरवरची चमक आणली होती, ही खपली तशीच होती.

"मायकोत आम्ही नोझल बनवायचो," बाबा म्हणाले. "त्याच्या सुईला फट काही मायक्रॉनची. तुझा केस सत्तर मायक्रॉन. एक कण अडकला की खेळ खलास. पण घाण काढायची ती फोटोसाठी नाही गं. खाली काय चाललंय ते दिसावं म्हणून."

मला उड्डाणपूल आठवला. कल्याणहून परतताना कसारा घाटाच्या चढावर, पूर्ण तापलेल्या इंजिनात हा पाइप फुटला असता तर? विचार तिथेच थांबवला.

पिशव्या काढल्या, सगळं कोरडं पुसलं, बॅटरी जोडली आणि गाडी मोकळ्या हवेत सुरू केली. बंद गॅरेजमध्ये नको, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाइप दुसऱ्याच दिवशी बदलला.

दसरा हुकला, पण भाऊबीजेला बाबा बहिणीकडे वेळेवर पोचले. गाडी मीच चालवली. इंजिन आता तेवढं लख्ख नाही, ग्रुपवर फोटोही टाकला नाही. निघण्याआधी बाबांनी स्वतः बॉनेट उघडलं, मिनिटभर पाहिलं, हळूच बंद केलं आणि म्हणाले, "चल."