सोन्याच्या पाळण्यातील हरिणे

‘जालना सोने का पालना’ ही उक्ती मराठवाड्यातील व्यापारी घराण्यांत आजही अभिमानाने सांगितली जाते. कापूस आणि धान्याच्या उलाढालीवर मोठ्या झालेल्या या शहराला पुढे बियाणे उद्योगाने आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांनी देशभर नाव मिळवून दिले. गुरु गणेश तपोधामाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू हे वैभव पाहतो. परंतु शहर मागे टाकून तो अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे किंवा त्याहून खाली गोदाकाठी निघाला, तर या पाळण्यातील आणखी एक लेकरू त्याच्या दृष्टीस पडण्याचा संभव असतो. ते म्हणजे काळवीट.

जालना जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. म्हणून येथे वन्यजीवही नसावेत, असा समज सहज होतो. काळविटाला मात्र दाट अरण्य नकोच असते. त्याचा सारा भरवसा नजरेवर आणि पायांवर. शत्रू दुरून दिसावा आणि धावायला मोकळीक असावी, असे गवताळ माळरान हेच त्याचे घर. तांबूस माद्यांच्या कळपात मळसूत्री शिंगांचा एखादा काळा नर मान ताठ करून उभा राहतो, तेव्हा उजाड वाटणारा तो माळ क्षणात सजीव होतो. लांडगा, चंडोल, तितर हेही याच माळाचे रहिवासी.

दप्तरी या जमिनीची नोंद गायरान किंवा पडीक. पडीक म्हटले की ती कोणाचीच नाही, असे गृहीत धरले जाते. मग कुठे नांगर फिरतो, कुठे मुरूम उपसला जातो, कुठे प्लॉट पडतात. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर–शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून जातो. या 701 किलोमीटरच्या मार्गावर वन्यप्राण्यांसाठी काही ठिकाणी पूल व भुयारी मार्ग राखले आहेत, ही समाधानाची बाब. तथापि कळपांच्या पिढीजात वाटा नेमक्या तेथूनच जातील असे नाही.

माळ आक्रसला की कळप शेतात शिरतो. चातुर्मास बसण्याच्या सुमारास सोयाबीन व कपाशीचे कोंब वर येतात आणि एका रात्रीत ते फस्त होतात. कोरडवाहू शेतकऱ्याचा संताप त्यामुळे खोटा म्हणता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला संरक्षण दिले; चारा देण्याची सोय त्यात नाही.

येथे एक अवघड गोष्ट सांगितलीच पाहिजे. जीवदयेच्या भावनेने अनेक संस्था माळरानावर वृक्षारोपण करतात. गिरिपुष्पासारखी झाडे तेथे दाट वाढली की गवत मरते, दृष्टी अडते आणि काळवीट ती जागा सोडते. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ भगवान यांचे लांछन हरिण आहे. त्या हरिणाला झाडांपेक्षा गवत राखलेले अधिक उपयोगाचे. कठडा नसलेल्या विहिरींना कठडे बांधणे हेही तसेच. रात्री बिथरून धावणारी हरिणे अशा विहिरींत पडतात. रोपे लावण्यासारखा त्याचा समारंभ होत नाही, एवढेच.

शेषकाळात साधू-साध्वी भल्या पहाटे विहाराला निघतात. मोटारीतून न दिसणारा माळ पायी चालणाऱ्याला दिसतो. रस्त्याकडेला गवत उरले असेल तेथे कळप मान वर करून पाहतो, अंदाज घेतो आणि पुन्हा चरू लागतो.