पन्नु

तेलुगूत दाताला ‘पन्नु’ म्हणतात आणि करालाही ‘पन्नु’च. हैदराबादेत दाढेला कॅप बसवून घेतल्यापासून हे दोन्ही अर्थ मला एकच वाटू लागले आहेत.

किडीने पोखरलेली दाढ रूट कॅनालनंतर कमकुवतच राहते. चावताना ती चिरू नये म्हणून चहूबाजूंनी घासून तिच्यावर धातूची किंवा सिरॅमिकची टोपी चिकटवतात. पुष्कळांना वाटते, आता दात पोलादी झाला! आमच्या डॉक्टरीणबाई दख्खनीत म्हणाल्या, “मास्तरसाब, टोपी नै सडती, टोपीके नीचे दात सडता. ब्रश छोडना नक्को!” त्यांचा हा ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच भाऊ, तो मी लगेच मानला.

कीड शिरते ती टोपीची कड जिथे दाताला टेकते त्या सांध्यातून. म्हणून सकाळी आणि झोपण्यापूर्वी मऊ ब्रश हिरडीच्या कडेने हलक्या हाताने फिरवावा, दोन दातांमधून रोज दोरा काढावा. सुपारी फोडणे, बर्फ चावणे सोडावे. टोपी निघालीच तर घरच्या डिंकाने चिकटवू नये. डबीत घालून दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट. रूट कॅनालमध्ये नस काढलेली असते. त्यामुळे टोपीखाली कीड लागली तरी ती दाढ बहुधा ठणकत नाही. म्हणून दुखत नसतानाही अधूनमधून तपासणी हवी. सरकारचा कर थकला तर निदान नोटीस येते. या पन्नुची थकबाकी वाढली तर थेट जप्तीच!