मुरुडच्या घराची किल्ली

दापोली सोडून एस. टी. आसूदच्या उताराला लागली, की हवा पालटते. वर कॅम्पातला कोरडा गारवा असतो. खाली पोफळीच्या आगरांतला ओलसर, पाचोळ्याचा वास नाकात शिरतो. श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली प्रसिद्ध झाली. ती ज्यांनी वाचली आहे त्यांना हा मुलूख न पाहताही ओळखीचा वाटावा. या वाटेने मी गेली तीन वर्षे आठवड्यातून दोनदा तरी खाली उतरतो आहे, आणि तेही समुद्र पाहायला नव्हे. माझ्या खिशात मुरुडच्या एका घराची किल्ली असते.

मुरुड म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला जंजिऱ्याचे मुरुड आठवते. ते रायगड जिल्ह्यात. आमचे मुरुड रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीपासून बारा-तेरा किलोमीटरवरचे, महर्षी कर्व्यांचे. हा खुलासा मला महिन्यातून एकदा तरी करावा लागतो. एका गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात फोन केला, “आम्ही पोहोचलो. समोर पाण्यात किल्ला दिसतो आहे. घर कोठे?” आता किल्ला आमच्याकडेही आहे. शेजारी हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. त्यामुळे दहा मिनिटे आम्ही दोघे दोन निराळ्या किल्ल्यांच्या खुणा एकमेकांना पटवून देत होतो. शेवटी “नारळीच्या झावळ्यांआड दर्गा दिसतो का, देऊळ दिसते का” असे करीत उलगडा झाला. बिचाऱ्यांना दिघी आणि बागमांडला अशा दोन ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवून यावे लागले. उलट त्यांनी अभिप्रायात लिहिले, की बोटीचा प्रवास फार सुंदर झाला. अशी माणसे भेटली म्हणजे या धंद्यावरचा राग जातो.

धंदा कोणता, ते सांगितले पाहिजे. घर माझ्या मामेभावाचे. तो पुण्याला असतो. घराच्या तीन खोल्या त्याने ‘एअरबीएनबी’वर लावल्या आहेत. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोघा तरुणांना घरभाडे भागेना, म्हणून त्यांनी आपल्या खोलीत हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले, त्यातून निघालेली ही कंपनी. मालक दूर असला तर तेथे त्याला दुसरा माणूस नेमता येतो. निरोपांना उत्तरे देणे, तारखांचे कॅलेंडर सांभाळणे, चादरी बदलल्या की नाही पाहणे, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची सरकारदरबारी नोंद करणे, ही त्याची कामे. इंग्रजीत त्याला को-होस्ट म्हणतात. मी मराठीचा माणूस. मी ‘सहयजमान’ असा शब्द केला. त्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “आमचे यजमान सहयजमान झाले, म्हणजे आता आमचे काय?”

गंमत सोडा, पण शब्द खोटा पडतो हे मलाही कळते. यज्ञात यजमान म्हणजे ज्याच्या नावाने आणि ज्याच्या खर्चाने यज्ञ होतो तो. धुरात बसून हात चालवणारा तो ऋत्विज, त्याला दक्षिणा. मी दुसऱ्या वर्गातला. शंभरातले पंधरा रुपये ही माझी दक्षिणा, आणि ती मला हवी असते. वयाची चाळिशी उलटली, एम. ए. होऊन दोन तपे होत आली, तरी मी अजून तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की पैसेही सुट्टीवर. मे महिना आमच्या घरात शिमग्यानंतरचा शिमगा असतो. मुरुडला मात्र नेमका तोच सुगीचा.

पूर्वी या घराला कोणी भाड्याने दिले असते तर मामांनी त्याला ओटीवरूनच वाटेला लावले असते. पुढे ओटी, मग पडवी, माजघर, मागे विहीर, विहिरीमागे आगर, आगराच्या टोकाला सुरूची झाडे आणि पलीकडे पुळण, असा सारा मांड. नारळ-सुपारीवर घर चाले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. ते श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढले, पण दापोली-मंडणगडचा किनाराही त्याने सोडला नाही. आमच्या आगरातली पोफळ आगपेटीतल्या काड्यांसारखी आडवी झाली आणि अर्ध्या घराची कौले गेली. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षे, माडाला त्याहूनही जास्त. तोवर खायचे काय? किनाऱ्यावरच्या कित्येक घरांनी त्या वर्षांत खोल्या साफ करून पाहुणे घेतले. मामेभावाने कर्ज काढून छप्पर घातले, खोल्यांना संडास-न्हाणीघरे जोडली, आणि हप्ता पाहुण्यांवर टाकला.

पाहुण्यांना काय हवे असते? पहिला प्रश्न वायफायचा, दुसरा एअर कंडिशनरचा, तिसरा ताज्या मासळीचा. तिसऱ्याचे उत्तर द्यायला मला आवडते. संध्याकाळी हर्णैला जा. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात, आणि लिलाव सुरू होतो. पापलेट, सुरमई, कोळंबी, ओरडणाऱ्या बाया, बर्फाच्या गाड्या. तो गलका ऐकल्यावर आमची शांत पुळण खरी शांत वाटते. सकाळी कर्द्याच्या बाजूला डॉल्फिन दिसतात, नशीब असेल तर. नशिबाची हमी मी निरोपात लिहीत नाही. रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल कोणी कुरकुर केली, तर मी कर्व्यांची गोष्ट सांगतो. परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेला, आणि तेथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्याला परत धाडले. पाहुणे हसतात. खड्डे तेवढेच राहतात.

स्वयंपाक, झाडलोट आणि आगर हे सारे काकी पाहतात. मामांच्या वेळेपासून त्या या घरी आहेत. घर बंद होते तेव्हाही सांजवात त्यांनीच लावली. पाहुणे अभिप्राय लिहितात तो त्यांच्या सोलकढीवर, मोदकांवर. तारे मात्र मामेभावाच्या नावापुढे चमकतात. वर्षभर चार पूर्णांक आठच्या वर सरासरी टिकवली, तर कंपनी मालकाला ‘सुपरहोस्ट’ म्हणते. काकींना हे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “बरं झालं. पर हिरीचं बघा.”

विहिरीचे असे झाले होते. मे महिन्यात तिन्ही खोल्या भरलेल्या. समुद्रात डुंबून आलेला माणूस शॉवरखाली किती वेळ उभा राहतो, हे पुण्यात कळत नाही. टाकी दिवसातून तीनदा भरायची, पंप चालूच. किनाऱ्यावरच्या विहिरीतले गोडे पाणी फार उपसले, की खालून खारे आत सरकते. आणि वादळानंतर काकींनी लावलेली दोनशे रोपे त्याच विहिरीवर जगत होती. एका सकाळी त्या म्हणाल्या, “मास्तर, कालपास्नं चा मचूळ लागतोय.”

मी मामेभावाला फोन केला, की मेचा दुसरा पंधरवडा बंद ठेवू या. कॅलेंडर माझ्याच हातात होते. एक बोट दाबले की झाले असते. पण घर त्याचे, कर्ज त्याचे. तो म्हणाला, “दादा, वर्षाचे चार हप्ते मेमध्येच निघतात. टँकर मागव.” त्याचे खोटे नव्हते. शिवाय ते दिवस बंद झाले तर माझेही पंधरा टक्के जात होते, आणि जूनमध्ये मुलीची फी भरायची होती. टँकर मागवला. त्याने टाकी भरली. रोपांना पुरला नाही. पोफळीच्या कोवळ्या पात्यांची टोके करपू लागली.

त्या शनिवारी मामेभाऊ स्वतः आला. काकींनी काही न बोलता त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला. मग उठून आगरात गेला. बराच वेळ रोपांमधून फिरत होता. वाकून एखाद्या बुंध्याची माती हाताने सारखी करीत होता. परत ओटीवर येऊन त्याने बँकेत फोन लावला, हप्ता महिनाभर पुढे ढकलता येईल का ते विचारले. उत्तर काही धड मिळाले नाही. तरीही मला म्हणाला, “दोन खोल्या बंद कर. तिसरी राहू दे.”

तिसरीत नाशिकचे एक जोडपे ठरलेले होते. त्यांना मी निरोप धाडला, की विहिरीला पाणी कमी आहे, अंघोळीला बादली मिळेल, शॉवर बंद राहील. गैरसोय वाटत असेल तर पैसे परत करू. पाच मिनिटांत उत्तर आले: “चालेल. विहिरीला रहाट आहे का?”

रहाट वादळात मोडला तो तसाच गोठ्यात पडून आहे. सुताराला मी सांगून ठेवले आहे.