एका वर्षाचा विहार

अहमदाबादेत एलिस ब्रिज ओलांडून पालडीच्या दिशेने निघाले की वाटेत कोचरब लागते. शंभर वर्षांपूर्वी हे शहराबाहेरचे लहानसे गाव होते. आज ते देरासरे, उपाश्रय, बाजारपेठा आणि उंच इमारती यांच्या गर्दीत पार मिसळून गेले आहे. मुंबई-पुण्याहून पालिताण्याच्या किंवा शंखेश्वराच्या यात्रेला निघालेली कितीतरी कुटुंबे या भागात आप्तेष्टांकडे एखादा दिवस उतरतात. त्यांतली बहुतेक साबरमतीच्या काठचा आश्रम आणि तिथले ‘हृदयकुंज’ पाहून येतात. कोचरबच्या रस्त्यावरचा कमानदार ओसऱ्यांचा दुमजली बंगला मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. जीर्णोद्धारानंतर १२ मार्च २०२४ रोजी तो पुन्हा लोकांसाठी खुला झाला. गांधीजींनी हिंदुस्थानात परतल्यावर मांडलेले पहिले बिऱ्हाड हे. १९१५ या एका वर्षाची सारी पायपीट या उंबऱ्याशी येऊन थांबली आणि त्या वर्षाची खरी कसोटीही इथेच लागली.

साधुसाध्वींचे वर्ष आठ महिन्यांचा विहार आणि चार महिन्यांचा चातुर्मास अशा लयीत चालते, हे जैन घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. गांधीजींनी ते वर्ष काही या नियमाने आखले नव्हते. परंतु मागे वळून पाहिले तर त्याची घडण तशीच झालेली दिसते. आधी अखंड भ्रमण, आणि पाऊस तोंडावर आला असता एका जागी स्थिरावणे.

९ जानेवारी १९१५ रोजी ‘अरेबिया’ जहाजाने गांधीजी आणि कस्तूरबा मुंबईच्या अपोलो बंदरात उतरले. दक्षिण आफ्रिकेतली वीस वर्षांची झुंज मागे पडली होती. लंडनच्या मुक्कामात जडलेल्या छातीच्या दुखण्यातून प्रकृती नुकतीच सावरत होती. अंगावर काठेवाडी पोशाख होता: अंगरखा, उपरणे, धोतर आणि फेटा, सारे देशी गिरणीचे कापड. मुंबईने मोठे सत्कार केले. गुजराती मंडळींच्या सत्कारसभेत अध्यक्षस्थानी बॅरिस्टर जिना होते आणि भाषणे बहुतेक इंग्रजीत झाली. गांधीजी उत्तराला उभे राहिले ते गुजरातीत बोलले. आपल्याच माणसांच्या सभेत परकी भाषा का, ही नापसंती त्यांनी नम्रपणे, पण स्पष्टपणे नोंदवली.

मात्र सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्याची त्यांना मोकळीक नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले होते की एक वर्ष देशभर हिंडायचे, पाहायचे, ऐकायचे आणि तोवर देशाच्या प्रश्नांवर मत द्यायचे नाही. ज्याच्या शब्दावर हजारो माणसे तुरुंगात गेली होती, त्या पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाने हे बंधन शिष्यभावाने स्वीकारले.

पहिला प्रवास घराकडे झाला. परदेशात असतानाच दोन्ही वडील बंधू निवर्तले होते. भावजयांच्या सांत्वनासाठी राजकोट आणि पोरबंदर गाठायचे होते. गाडीचा वर्ग तिसरा. वाटेत वढवाणच्या स्थानकावर मोतीलाल नावाचे एक शिंपी भेटायला आले आणि विरमगामच्या जकातनाक्याचे गाऱ्हाणे मांडू लागले. ब्रिटिश मुलूख आणि काठेवाडातली संस्थाने यांच्या सीमेवरच्या या नाक्यावर उतारूंचे अतोनात हाल होत. अंगात ताप असल्याने गांधीजींनी थोडक्यातच विचारले की तुरुंगात जायची तयारी आहे काय. मोतीलालांनी तितक्याच शांतपणे होकार दिला. एका शिंप्याचा हा निर्धार गांधीजींच्या मनात रुतून बसला. त्यांनी कागदपत्रे जमवली, मुंबई सरकारकडे आणि पुढे व्हाइसरॉयांपर्यंत पाठपुरावा केला. १९१७ मध्ये तो नाका उठला. प्रवासात व्यापारी माणूस जकातीचा त्रास निमूट सोसतो, कारण माल वेळेवर पोहोचणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या नाक्याविरुद्ध प्रथम उभा राहिला तो हातात सुई-दोरा असलेला माणूस.

पुण्यात गोखल्यांनी मायेने ठेवून घेतले. भारत सेवक समाजात गांधीजींनी यावे ही त्यांची इच्छा होती. इतर सभासदांना मात्र दोन्हींच्या कार्यपद्धतींत अंतर वाटत होते. याच मुक्कामात गोखल्यांनी स्नेहमेळावा ठेवला होता. भुईमुगाचे दाणे, खजूर, ताजी फळे असा साधा फराळ होता. प्रकृती ढासळलेली असूनही ते काही पावले चालून अंगणात आले आणि तिथेच त्यांना घेरी आली. खोलीत नेल्यावर शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला की कार्यक्रम थांबवू नका. आश्रम काढायचा तर पैशाची चिंता करू नये, खर्च आपल्याकडून घ्यावा, असेही त्यांनी सांगितले आणि डॉ. देवांना समाजाच्या वहीत गांधीजींच्या नावाने खाते उघडायला लावले.

ते खाते फार काळ चालायचे नव्हते. फेब्रुवारीच्या मध्यास गांधीजी शांतिनिकेतनात पोहोचले. आफ्रिकेतून आधी आलेली फिनिक्सची मंडळी तिथे राहत होती आणि काकासाहेब कालेलकरांची पहिली भेटही तिथलीच. तीन दिवस होतात न होतात तोच पुण्याहून तार आली. १९ फेब्रुवारीला गोखले गेले होते. गांधीजी कस्तूरबांसह तातडीने पुण्याकडे निघाले. वर्दवान स्थानकावर तिसऱ्या वर्गाचे तिकीट मिळवतानाही धक्काबुक्की आणि हेळसांड वाट्याला आली. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी एक वर्ष अनवाणी राहण्याचे व्रत घेतले. घरात माणूस गेले की आपल्याकडे व्रत-नियम घेण्याची रीत आहे. त्या नियमाच्या सोबतीने दुःख चालते राहते. उरलेले सारे वर्ष गांधीजींनी देशाची भूमी उघड्या तळव्यांनी जोखली.

मार्चमध्ये ते शांतिनिकेतनात परतले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांपुढे सूचना ठेवली की स्वयंपाकी आणि नोकर न ठेवता सारी कामे स्वतः करावीत. रवींद्रनाथांनी संमती दिली आणि १० मार्चला प्रयोग सुरू झाला. तो फार दिवस टिकला नाही, तरी त्या दिवसाची आठवण तिथे आजही पाळली जाते. तिथून जहाजाच्या डेकवरून रंगूनला, डॉक्टर प्राणजीवन मेहतांच्या भेटीला. डेकवरच्या उतारूंचे न्हाणीघर आणि शौचकूप इतके गलिच्छ होते की तिथे पाऊल ठेवणे कठीण. मेहतांचा स्नेह जुना. १८९१ साली मुंबईत त्यांच्याच कुटुंबाच्या घरी गांधीजींची श्रीमद् राजचंद्रांशी पहिली भेट झाली होती. जवाहिऱ्याच्या पेढीवर बसून मोत्या-हिऱ्यांचा सौदा पुरा होताच आत्मचिंतनाची वही उघडणाऱ्या त्या श्रावकाचा ठसा गांधीजींच्या मनावर जन्मभर राहिला.

एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभमेळा होता. कलकत्त्याहून निघालेल्या यात्रेकरूंना सहारणपुरापासून पुढे गुरांच्या डब्यांत कोंबले गेले. वर छत नाही, डोक्यावर ऊन, पायांखाली तापलेले लोखंड. घसा कोरडा पडला तरी ‘मुसलमानाचे पाणी’ म्हणून कितीतरी जण घोटभर पाणी घेईनात. मेळ्यात पंडित हृदयनाथ कुंझरू आणि डॉ. देव यांच्याबरोबर स्वयंसेवक राबत होते. फिनिक्सच्या मुलांनी काम पत्करले ते विष्ठेवर माती टाकण्याचे. गांधीजींना मात्र तंबूतच बसावे लागे, कारण दर्शनाला येणारी रांग खंडत नव्हती. या दर्शनाचे त्यांना ओझे वाटे. भक्तीबरोबर ढोंगही त्यांना पुरेपूर दिसले. गाईच्या खांद्यावर पाचवा पाय शिवून पैसे मागणारेही तिथे होते.

या मेळ्यात काही प्रायश्चित्त आपणही करावे असे त्यांना वाटू लागले. कलकत्त्याचे यजमान भूपेंद्रनाथ बसू यांच्या घरी त्यांच्या फळा-मेव्याच्या आहारासाठी घरातल्या बायका रात्री उशिरापर्यंत खपत होत्या, ही गोष्ट मनात सलत होती. पाहुण्याच्या साधेपणाचा भार यजमानांवर पडत असेल तर तो साधेपणा कसला? तेव्हा त्यांनी नियम केला की हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचाहून अधिक पदार्थ घ्यायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचे नाही. सूर्यास्तापूर्वी चूल शांत करणाऱ्या घरांना या नियमाची ओळख करून द्यायला नको. हरिद्वारच्या गर्दीत तो नियम जन्मला तो मात्र शेवटी यजमानाघरच्या स्त्रियांची झोप वाचावी म्हणून, एवढे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मद्रासकडचा दौरा आटोपून मे महिन्यात गांधीजी अहमदाबादेत आले. आश्रमासाठी अनेक गावे सुचवली गेली होती. अहमदाबाद निवडताना त्यांचा हिशेब सरळ होता: मातृभाषा गुजराती, हातमागाचे जुने केंद्र, आणि मदत करू शकतील असे धनिक. बॅरिस्टर जीवणलाल देसाई यांचा कोचरबचा बंगला भाड्याने घेऊन २५ मे १९१५ रोजी सत्याग्रह आश्रम सुरू झाला. सुरुवातीला स्त्री-पुरुष मिळून सुमारे पंचवीस माणसे, त्यांतली तेरा तमिळ. एकाच पंक्तीत सर्वांचे जेवण. सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह ही व्रते कागदावर उतरली. शहरातल्या शेठ मंडळींची मदत येऊ लागली.

काही महिन्यांतच ठक्करबापांचे पत्र आले. एक अंत्यज कुटुंब आश्रमात येऊ इच्छिते, घ्याल का? दूदाभाई मुंबईत शिक्षक होते. पत्नी दानीबहेन आणि रांगती मुलगी लक्ष्मी. गांधीजींनी होकार दिला आणि ते कुटुंब सप्टेंबरमध्ये आले. त्या दिवसापासून शहराची नजर फिरली. बंगल्याच्या विहिरीवर मोट हाकणारा माणूस आश्रमाच्या बादलीचे थेंब अंगावर उडतील म्हणून शिव्या देई आणि दूदाभाईंना छळी. गांधीजींनी सांगितले की शिव्या सोसा, पण पाणी भरणे सोडू नका. उलट उत्तर येत नाही असे पाहून तो माणूस हळूहळू ओशाळला.

बाहेरच्या शिव्या सोसणे तुलनेने सोपे होते. घरात कस्तूरबांना हे रुचले नव्हते आणि मगनलालांच्या पत्नीलाही. दानीबहेनशी त्यांचे वागणे तुटक होते. वर्षभर ज्या कस्तूरबा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून पतीमागे हिंडल्या, त्यांच्या मनाची ही ओढाताण गांधीजींनी आत्मकथेत लपवली नाही. देशभर फिरून समाजाचे दोष पाहता येतात. आपल्या स्वयंपाकघरात तेच दोष पाहायला अधिक धैर्य लागते.

मग पैसा थांबला. बहिष्काराच्या वावड्या उठल्या. एके दिवशी मगनलालांनी सांगितले की पुढच्या महिन्याला शिल्लक नाही. गांधीजी उत्तरले, तर मग आपण अंत्यजांच्या वस्तीत राहायला जाऊ आणि मजुरी करू.

त्यानंतर एका सकाळी एका मुलाने येऊन सांगितले की बाहेर मोटारीत कोणी शेठ थांबले आहेत. गांधीजींची त्यांच्याशी पूर्वी एकदाच भेट झाली होती. शेठ म्हणाले की मदत करण्याची इच्छा आहे, स्वीकाराल का? दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी भोंगा वाजला. शेठ आत आले नाहीत. गांधीजींच्या हाती तेरा हजार रुपयांच्या नोटा ठेवून ते निघून गेले. वर्षभराचा खर्च त्यात सुटला. आत्मकथेत गांधीजींनी त्यांचे नाव लिहिले नाही. पुढे जगाला कळले की ते अंबालाल साराभाई; अहमदाबादच्या प्रतिष्ठित जैन घराण्यातले, कॅलिको मिलचे तरुण मालक, वय अवघे पंचवीस.

गुप्तदान हा शब्द व्यापारी घरांना परका नाही. या दानाचा विशेष असा की ज्या वेळी सारे शहर हात आखडत होते, त्या वेळी ते आले. दूदाभाईंना काढा अशी अट त्याबरोबर नव्हती, पाटीवर नाव नव्हते, परतफेडीची अपेक्षा नव्हती. ती नव्हती याची साक्ष १९१८ साली मिळाली. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपात अंबालाल मालकांच्या बाजूचे प्रमुख, तर गांधीजी कामगारांच्या बाजूला होते आणि अंबालालांच्या भगिनी अनसूयाबहेनही कामगारांबरोबर. तेरा हजारांनी गांधीजींचा एक शब्दही विकत घेतला नव्हता, आणि संपाने दोघांचा स्नेहही तुटला नाही.

डिसेंबरच्या अखेरीस राष्ट्रसभेच्या अधिवेशनासाठी गांधीजी पुन्हा मुंबईत आले. जिथे वर्ष सुरू झाले तिथेच ते संपले. जानेवारीत उतरलेल्या माणसाजवळ कीर्ती होती. आता गोखल्यांचे छत्र हरपले होते, पाय अनवाणी होते, पंगतीत पाचच पदार्थ होते. पण कोचरबच्या घरात लक्ष्मी रांगत होती आणि दानीबहेन त्याच विहिरीचे पाणी भरत होती.

प्लेगच्या साथीमुळे १९१७ मध्ये आश्रम साबरमतीच्या काठी गेला. त्यासाठी जागा शोधून दिली ती पुंजाभाई हिराचंद या अहमदाबादच्याच व्यापाऱ्याने. कोचरबचा बंगला मागे राहिला. पुढच्या यात्रेत पालडीला मुक्काम पडला तर मुलांना घेऊन तासभर तिथे जावे. ओसरीवरून फाटकाकडे पाहताना त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. याच फाटकातून एक कुटुंब आत आले, म्हणून मदतीचे हात मागे गेले. आणि याच फाटकाबाहेर एक शेठ आत न येता थांबला, म्हणून ते कुटुंब आत राहू शकले.