कण्या, आंबील आणि येसर : नांदेड-लातूरच्या वाटेवरची जुनी चव

नांदेडहून लातूरला जाणारी एस.टी. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशी गावे घेत जाते. पूर्वी हिवाळ्यात या रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळ्या रानात ज्वारी उभी असे आणि तिच्या कडेने काटेरी करडईचे पट्टे असत. आता सोयाबीन हे या भागाचे मुख्य पीक झाले आहे आणि ज्वारी मागे हटली आहे. रान बदलले, तसे चुलीवरचे भांडेही बदलले. करडईच्या तेलाच्या जागी सोयाबीनचे तेल आले आणि कण्यांच्या जागी तांदूळ आला.

कण्या म्हणजे जात्यावर भरडलेली ज्वारी. ती मिठाच्या पाण्यात भातासारखी शिजवायची आणि ताक किंवा अंबाडीच्या भाजीबरोबर खायची. अंबाडी उकडून तिचे आंबट पाणी काढून टाकत. मग त्यात मूठभर कण्या व तुरीची डाळ घालून वरून करडईच्या तेलात लसूण तळून ओतत. येसर हे तर मराठवाड्याचे खास पीठ. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरी, लाल मिरची असे सारे भाजून दळून ठेवायचे. दिवसभराच्या मजुरीनंतर भाजी नसली, तरी उकळत्या पाण्यात चार चमचे येसर कालवले की घरादाराला पुरेल एवढी दाट आमटी तयार!

लातूर भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. शेतात कडब्याची कोप करून भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील यांचे जेवण होते. भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे व पालेभाज्या बेसनात शिजवलेला रुचकर पदार्थ. पण ज्यांनी ती शेते राबून पिकवली, त्यांच्यापैकी अनेकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. पंगतीत त्यांची जागा वेगळी असे. म्हणून या चवीची आठवण सर्वांना सारखीच गोड वाटत नाही.

1972 च्या दुष्काळाची आठवणही तशीच आहे. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मायबहिणींनी अमेरिकेहून आलेल्या मिलो या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. सुकडीसाठी लेकरे रांगेत उभी राहिली. ती मिलो पुन्हा घरात यावी, असे कोणाला वाटेल?

तेव्हा जुने ते सारे पुन्हा करावे, असे आमचे म्हणणे नाही. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडण्यास सांगितले. आपल्या आजी-आजोबांनी ते सोडले, प्रसंगी उपाशी राहून सोडले. ते सोडलेलेच राहील. पण कण्या, आंबील, येसर हे कोणाच्या दारातून मागून आणलेले अन्न नव्हते. ते आपल्या बायांनी आपल्या हाताने, तुटपुंज्या धान्यातून घडवलेले होते. त्याची लाज कशासाठी?

ही लाज वाटण्याचे एक कारण म्हणजे हे अन्न फार दिवस कोणी लिहूनच ठेवले नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाची खाद्यसंस्कृती नोंदवली. 2024 साली ते इंग्रजीतही आले. चान्यांपासून रानभाज्यांपर्यंत अनेक पदार्थ त्यात आहेत. 2015 मध्येच गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्याने त्यातले काही पदार्थ आता वाचण्यापुरतेच उरले आहेत. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष पाळले आणि जी ज्वारी गरिबाची म्हणून हिणवली, ती शहरात पाकिटात भरून महाग विकली जाऊ लागली.

भगिनींनो, एका रविवारी आंबील करून पाहा. एक वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या आंबट ताकात रात्रभर भिजवा. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घाला. भिजवलेले पीठ हळूहळू ओतत सारखे ढवळा, म्हणजे गाठी होणार नाहीत. दहा मिनिटे मंद आचेवर शिजवा. थंड झाल्यावर ताक घालून पातळ करा आणि वर कोथिंबीर घाला.

घरात आजी असेल तर तिला चुलीजवळ बसवा आणि येसराचे प्रमाण विचारून घ्या. ती ‘अंदाजाने’ म्हणेल. तिचा अंदाज वाटीने मोजून वहीत उतरवून ठेवा. ते कशासाठी शिकावे लागले, हेही मुलांना तिच्याच तोंडून ऐकू द्या. आपल्या वस्त्यांतल्या अशा आज्या आता थोड्याच उरल्या आहेत.