मोटारीचे पाणी

केळापूर तालुक्यात ज्याने एक वैशाख काढला आहे, त्याच्यापुढे कोणी 'अँटीफ्रीझ' हा शब्द उच्चारला तर त्यास हसू यावे, हे साहजिकच आहे. पारा 45 अंशांकडे झुकू लागला, की येथे गोठण्याचे भय कोणाला आणि कशाचे? आमच्या घरच्या जुन्या 'पद्मिनी'करिता त्या द्रवाचा डबा आणावा असे मी सुचविले, तेव्हा पांढरकवड्याच्या मिस्त्रीने तोंडातील पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून विचारले, "आपल्या इथं बर्फ पडते का जी? बोरचं पाणी टाका अन् चाला नागपूरले!" मोठ्या काकांनी लगेच मान डोलाविली. मिस्त्रीचा शब्द त्यांस वेदवाक्याप्रमाणे; शिवाय डब्याची किंमत त्यांनी आधीच विचारून ठेवली होती.

ही गाडी मोडीत काढावी की ठेवावी, हा वाद आमच्याकडे कित्येक वर्षे चालला आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ती मोटार. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या जातीची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात कायमची निघून गेली. परंतु आत्याबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नागपुरास ज्येष्ठात ठरली, आणि त्यांनी निक्षून सांगितले, "मला दादाच्या गाडीतूनच न्या. दुसऱ्या गाडीत मला मळमळते." शहात्तर वर्षांच्या बाईस भर दुपारी वडकीच्या अलीकडे, वाफा सोडणाऱ्या मोटारीत बसवून ठेवण्याचा प्रसंग कोणावरही येऊ नये.

मिस्त्रीचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, हे प्रथम कबूल केले पाहिजे. उष्णता वाहून नेण्याच्या कामी निव्वळ पाणी हे त्या द्रवमिश्रणापेक्षा सरसच आहे. प्रश्न आहे तो त्या पाण्याबरोबर काय काय जाते, याचा. येथे गृहिणींस एक उदाहरण पुरेल. बोरचे जड पाणी वर्षभर तापविलेल्या बंबाच्या आत पांढरा, खडूसारखा थर बसतो, तो त्यांनी चिंच लावून खरवडलेला असतो. बंबाचे तेवढ्याने फारसे बिघडत नाही. दोन लाकडे अधिक जळतात. परंतु रेडिएटरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात, की तोच थर तेथे पाण्याची वाट अडवितो, आणि इंजिनाच्या भिंतीवर बसला तर उष्णता आतच कोंडून धरतो. भरीस भर म्हणजे, लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ आणि शिशाचा डाख एवढे सगळे धातू त्या एकाच पाण्यात नांदत असतात. निरनिराळ्या धातूंचा हा एकत्र संसार खारट पाण्यात झाला, की विजेच्या घटाप्रमाणे त्यांतील एक दुसऱ्यास खाऊ लागतो.

'अँटीफ्रीझ' हे नाव म्हणूनच फसवे आहे. एथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाणी निम्मेनिम्मे घेतले तर ते मिश्रण उणे 37 अंशांच्या सुमारास गोठते. त्याच्याशी आम्हां वऱ्हाडकरांस कर्तव्य नाही. पण तेच मिश्रण 107 अंशांच्या आसपास उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला तर ती मर्यादा आणखी वर जाते. त्यात गंज रोखणारी जी द्रव्ये मिसळलेली असतात, तीच आमच्या खऱ्या उपयोगाची. ती हळूहळू खर्ची पडतात; म्हणून जुन्या पद्धतीचा द्रव दोन वर्षांनी बदलावा लागतो. रंगावरून मात्र त्याची जात ओळखू नये. प्रत्येक कारखानदाराचा रंग आपापल्या मर्जीचा. दोन जाती एकत्र केल्यास कधी कधी गाळ धरतो. नव्या मोटारींसाठी निघालेले काही प्रकार तांब्या-पितळेच्या रेडिएटरला व डाखाला मानवत नाहीत, म्हणून तो मजकूर डब्यावर वाचूनच घ्यावा.

अखेर काकांनी संमती दिली, ती आत्याबाईंच्या नावाने. पहाटे इंजिन गार असता आम्ही खालची तोटी उघडली. आले ते पाणी चहाच्या रंगाचे! निर्मळ पाणी येईपर्यंत आत नळ सोडला; मग बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी व द्रव आधी बादलीत कालवून ओतला. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू ठेवले, तेव्हा अडकलेली हवा बुडबुड करीत वर आली व पातळी खाली गेली; ती पुन्हा भरली. थर्मोस्टॅट नावाची झडप कोणा कारागिराने पूर्वी 'गाडी तापते' म्हणून काढूनच टाकली होती, असे या वेळी आढळले. या उपायाने इंजिनास योग्य ऊब कधी येत नाही, पेट्रोल अधिक जाते, आणि मूळ रोग तसाच राहतो. नवी झडप बसविली, झाकणही नवे घेतले. तापलेल्या गाडीचे झाकण मात्र कोणी उघडू नये. दाब सुटताच आतील पाणी कारंजासारखे तोंडावर येते.

आत्याबाई हिंगणघाटावरून नागपुरास पोहोचल्या तोवर काटा मध्यावरून ढळला नाही. त्यांस त्याचे काय! त्या वाटभर झोपल्या होत्या.

घरात मुले असणाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा द्रव चवीला गोड आणि पोटात गेल्यास जहरी आहे. मूत्रपिंडे निकामी होऊन माणूस वा कुत्रे दगावू शकते. काकूंनी उरलेला डबा उंदरांच्या औषधाशेजारी कुलपात ठेवला, व त्यावर ठसठशीत अक्षरांत 'विष' लिहिले. आता सकाळी रांगोळी घालून झाली, की त्या वाकून गाडीखालची फरशी पाहतात, आणि हिरवा थेंब दिसला तर पूजेतून काकांस उठवितात.